आधी पेन्सिल, मग प्रॉम्प्ट
इंटिरिअर डिझाइन शिकताना एआयकडून पहिलंच चित्र काढून घेऊ नका. ते गुळगुळीत, झगमगीत चित्र एकदा डोळ्यांत बसलं की मन तिथून हलत नाही; याला ‘डिझाइन फिक्सेशन’ म्हणतात. आधी हाताने पाच-सहा स्केचेस काढा, वेडीवाकडी चालतील. मग त्यातलं एक मिडजर्नी किंवा स्टेबल डिफ्युजन अशा चित्रं बनवणाऱ्या एआय साधनाला द्या. सोबतच्या प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला दिलेल्या लेखी सूचनेत, ‘सुंदर बैठकीची खोली’ असं लिहिलंत तर तीच ती बेज रंगाची खोली मिळणार. त्यापेक्षा अडचणी लिहा: उजेड एकाच खिडकीतून, रुंदी ३ मीटर, राहणारी व्यक्ती व्हीलचेअर वापरते.

खरा अभ्यास यापुढे. आलेल्या चित्रावरून प्लॅन (वरून दिसणारा नकाशा) काढा आणि मापं घाला. जेवणाचं टेबल साधारण ७५० मिलिमीटर उंच, खुर्चीची बैठक ४५०, व्हीलचेअर वळवायला १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा. बरेचदा गणित बसतच नाही. दार कपाटावर आपटतं, जिन्याच्या पायऱ्या भिंतीत विरतात. (हे शोधायला मजा येते.) ते निस्तरताना जे सुचेल, ते तुमचं स्वतःचं. आणि हो, प्रॉम्प्ट व नाकारलेली चित्रं तारखेसह जपून ठेवा. ज्यूरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, ‘हे असंच का?’ विचारलं की तीच कामी येतात.