पीएलए बनत नाही? कॉम्प्लेक्सला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

पावसाळा लागला की पुण्यातल्या पाषाणच्या बाजूने संशोधक मुलांचे फोन यायला लागतात. "दादा, कॅटॅलिस्ट मेला." बहुतेक वेळा तो जिवंत असतो, पाण्यात बुडालेला असतो इतकंच.

पीएलए म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल, एक प्लास्टिक. झिंकला वनस्पतीपासूनचा लिगँड (धातूला धरून ठेवणारा रेणू) बांधून कॉम्प्लेक्स, म्हणजेच कॅटॅलिस्ट, बनवायचं आणि त्याच्याकडून लॅक्टाइड या कडीसारख्या रेणूची कडी उघडून पीएलएची साखळी जोडून घ्यायची, अशी ही रिअ‍ॅक्शन. समजा लॅक्टाइड, झिंक आणि साखळी सुरू करणाऱ्या बेंझाइल अल्कोहोलच्या रेणूंचं प्रमाण २००:१:१ आहे. म्हणजे एक मिलिमोल कॉम्प्लेक्समागे २८.८ ग्रॅम लॅक्टाइड. त्यात ०.१ टक्का ओल म्हणजे २९ मिलिग्रॅम पाणी, जवळजवळ १.६ मिलिमोल. पाण्याचा प्रत्येक रेणू स्वतःची साखळी सुरू करू शकतो. कॉम्प्लेक्स त्यातूनही वाचलंच, तरी रेणुभार अपेक्षित २९,००० ऐवजी ११,००० च्या आसपास येतो. मी स्वतः एका जुलैत अख्खी बॅच घालवली. डेसिकेटरमधली निळी सिलिका ओल पिऊन कधीच गुलाबी झाली होती आणि मी रोज तिच्यासमोरूनच ये-जा करत होतो! लॅक्टाइड कोरड्या टोल्युइनमधून दोनदा स्फटिकवा, जमलं तर व्हॅक्यूममध्ये सब्लिमेशन करा आणि थेट ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. लिगँडही सुकवा. लिगँडला झिंक जोडायला डायएथिल झिंक घालताना बुडबुडे येणारच, तो इथेन असतो. पण पांढरा गढूळपणा आला तर आधी ओलीचा संशय घ्या. (डायएथिल झिंक हवेत पेट घेतं, त्यामुळे उघड्यावर धाडस नको.)

दुसरी चूक बाटलीवरच्या नावाची. व्हॅनिलामधल्या किंवा लिग्निनपासून मिळणाऱ्या व्हॅनिलिनमध्ये ओएच गट अल्डिहाइड गटाच्या समोर असतो. त्याचा शिफ बेस (अल्डिहाइड आणि अमाइन जोडून होणारा लिगँड) केला तर नायट्रोजन एकीकडे आणि ऑक्सिजन दुसरीकडे, मग झिंकला चिमटा बसणार कसा? चिमटा बसतो तो ऑर्थो-व्हॅनिलिनने, आणि बाजारात मिळणारं ऑर्थो-व्हॅनिलिन व्हॅनिला शेंगेतून आलेलं नसतं. प्रबंधात 'वनस्पतिजन्य' लिहिण्याआधी एवढं बघा.

खरंच झाडापासूनचं हवं असेल तर कोकणातल्या काजूच्या टरफलाचं तेल घ्या. त्यातल्या कार्डेनॉलमध्ये ओएचच्या शेजारची जागा मोकळी असते, तिथे अल्डिहाइड बसवता येतो. मात्र त्याची पंधरा कार्बनची शेपटी एकसारखी नसते. कुठे एकही दुहेरी बंध नाही, कुठे तीन. आधी हायड्रोजनेशन करून घ्या, नाहीतर एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा आलेख) वाचताना डोळे फिरतील. हातमोजे हवेतच. काजू बिब्ब्याच्याच कुळातला, कच्चं तेल अंगावर उततं.

जीपीसी (रेणुभार मोजायचं यंत्र) पॉलिस्टायरिनवर कॅलिब्रेट केलेलं असेल, तर टीएचएफ या द्रावकातल्या पीएलएच्या आकड्याला ०.५८ ने गुणा. अनेकजण तो तसाच छापतात.

आणि रिअ‍ॅक्शन चालू ठेवून चहाला जाऊ नका. लॅक्टाइड संपत आलं की साखळ्या आपसात तुकडे अदलाबदल करू लागतात. मास स्पेक्ट्रममध्ये १४४ (एक लॅक्टाइड) ऐवजी ७२ (अर्धं लॅक्टाइड) च्या अंतराने शिखरं दिसली, तर तुम्ही थांबायला उशीर केलाय. नव्वद टक्क्यांहून जास्त लॅक्टाइड वापरलं गेलं की बेंझोइक आम्ल घालून थांबवा आणि थंड मिथेनॉलमध्ये ओता.