एक फोन आणि कागदी कार्डं: वर्गात कोणाला काय कळलं ते तास संपायच्या आत कसं ओळखावं

वर्गात डिजिटल साधनं वापरायची म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो टॅब आणण्याचा. मग निधी येईपर्यंत वाट बघायची आणि तोवर काहीच करायचं नाही. नाशिक शहरातली शाळा असो की पेठ-सुरगाण्याकडचा पाडा, शिक्षकाकडे एक स्मार्टफोन असतोच. या कामाला तेवढा पुरतो. मुलांच्या हातात फोन द्यायची गरजच नाही.

दुसरा सल्ला व्हिडिओ लावायचा. व्हिडिओला माझा विरोध नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपने स्कॅन करा, मिळेल ते साहित्य आदल्या रात्री घरी उतरवून ठेवा, वर्गात दाखवा. पण व्हिडिओ संपल्यावर ‘कळलं का?’ विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो आणि त्या ‘हो’मधून काहीही समजत नाही. शिक्षकाला कळायला हवं ते वेगळंच: कोणत्या मुलाच्या डोक्यात कोणती चुकीची कल्पना बसली आहे. त्यासाठी मी प्लिकर्स हे ॲप वापरते: मुलं उत्तरासाठी कागदी कार्ड वर धरतात आणि शिक्षकाच्या फोनचा कॅमेरा ते वाचतो.

प्लिकर्सच्या संकेतस्थळावर खातं उघडा, वर्ग तयार करा, कार्डं मोफत उतरवून घ्या. नेहमीचा संच ४० कार्डांचा आहे, पट मोठा असेल तर ६३ कार्डांचाही मिळतो. रविवार कारंजा, कॉलेज रोड, गावातलं झेरॉक्सचं दुकान, कुठेही जाड कागदावर छापून मिळतील. चकचकीत लॅमिनेशन मात्र करू नका. दुकानदार आग्रह करतो, तरी नाही म्हणा. खिडकीतला उजेड त्यावर चमकला की कॅमेऱ्याला कार्ड वाचता येत नाही. हजेरी क्रमांक तोच कार्ड क्रमांक ठेवा. ॲपमध्ये मुलांची पूर्ण नावं, जन्मतारखा असलं काही भरू नका, क्रमांक पुरे.

प्रत्येक कार्डावरची काळी आकृती वेगळी असते आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी लिहिलेलं असतं. जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरायची. अक्षर इतकं बारीक असतं आणि आकृत्या इतक्या वेगळ्या असतात की शेजारच्याचं बघून काही उपयोग होत नाही. बोटं पांढऱ्या कडेवर हवीत, काळ्या भागावर नकोत. एखादा सोपा प्रश्न देऊन सराव घ्या. फोनला नेट चालू ठेवा, वर्गासमोर उभं राहून कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा, उत्तरं नोंदली जातात. शाळेत प्रोजेक्टर नसेल तर प्रश्न फळ्यावर लिहा, काही बिघडत नाही.

इथपर्यंत सगळे पोहोचतात. अडतं ते प्रश्नावर, आणि मीही सर्वांत जास्त झगडले ते इथेच. तयार प्रश्नसंच मिळतात, पण त्यातले बहुतेक प्रश्न पाठांतर तपासतात. शिवाय एक उत्तर बरोबर आणि उरलेली तीन उगाच भरलेली असतात. असा प्रश्न विचारून बरोबर किती, चूक किती एवढंच कळतं. चुकीचे पर्याय हाच खरा प्रश्न आहे. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलाचा एक ठरावीक विचार असला पाहिजे. मुलाने तो पर्याय धरला की तो कसा विचार करतोय हे तुम्हाला तिथल्या तिथे कळलं पाहिजे.

उदाहरण भूगोलाचं घेऊ. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी शेवटी कुठे जाऊन मिळते? पर्याय: अरबी समुद्र, बंगालचा उपसागर, जायकवाडी धरण, कृष्णा नदी. आपल्याकडची बरीच मुलं अरबी समुद्र धरतात, कारण तोच जवळ आहे. त्यांना सह्याद्रीपासून पूर्वेकडे उतरत जाणारं पठार दाखवायचं आहे. जायकवाडी धरणारं मूल ‘नाशिकचं पाणी जायकवाडीला सोडलं’ ही घरातली चर्चा ऐकून आलेलं असतं. त्याला नकाशावर पैठणच्या पुढची नदी बोटाने गिरवायला लावायची. कृष्णा धरणाऱ्याचा उपनदी आणि मुख्य नदी यांत गोंधळ आहे. तिघंही चुकले, पण तिघांना एकच स्पष्टीकरण देऊन उपयोग नाही. नदी १,४६५ किलोमीटर वाहते, हा आकडा पाठ करून घेण्याआधी ती कोणत्या दिशेला उतरते हे डोक्यात बसायला हवं.

गणितात तर आणखी जपावं लागतं, कारण तिथे चुकीच्या विचारानेही बरोबर उत्तर येतं. ‘०.४, ०.३५, ०.१२५, ०.०९ यांत सर्वांत मोठी संख्या कोणती?’ असा प्रश्न अनेकजण विचारतात. उत्तर ०.४. पण सहस्रांश फार लहान असतात, म्हणून दशांश चिन्हानंतर जितके अंक कमी तितकी संख्या मोठी, असा समज असलेली मुलंही ०.४ च धरतात. त्यांचं उत्तर बरोबर येतं, शिक्षक पुढे जातो आणि तो समज तसाच राहतो. म्हणून पर्याय असे ठेवा: ०.३, ०.३७, ०.१२५, ०.०९. आता अंक कमी म्हणजे मोठी समजणारं मूल ०.३ धरेल, १२५ हा आकडा मोठा म्हणून भुलणारं ०.१२५ धरेल, आणि शून्याकडे न बघता फक्त ९ बघणारं ०.०९. ०.३७ धरणाऱ्याला स्थानिक किंमत समजली आहे असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं.

‘वरील सर्व’ आणि ‘यांपैकी नाही’ हे पर्याय कधीही घालू नका. त्यातून मुलाच्या विचाराचा काही पत्ता लागत नाही. बरोबर पर्याय इतरांपेक्षा लांबलचक लिहू नका, मुलं वाक्याची लांबी बघून उत्तर ओळखतात. आणि एका तासाला दोन किंवा तीन प्रश्न, जास्त नाही. दहा प्रश्नांची परीक्षा घ्यायची असेल तर ती वहीत घ्या.

चुकीचे पर्याय कुठून आणायचे? तपासलेल्या वह्यांतून. मागच्या वर्षीच्या वर्गाने ज्या चुका केल्या, त्याच या वर्षीचा वर्ग करणार आहे. वह्या तपासताना बाजूला एक कागद ठेवा आणि वारंवार दिसणारी चूक जशीच्या तशी उतरवा.

स्कॅन झालं की लगेच उत्तर उघड करायचा मोह होतो. थांबा. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून आपल्या वर्गात रुळवलेली पद्धत इथे फार कामाला येते. साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं उत्तर बरोबर असेल, तर उत्तर न सांगता मुलांना वेगळं उत्तर धरलेल्या शेजाऱ्याकडे वळवायचं आणि म्हणायचं, ‘त्याला पटवून दे.’ दोन-तीन मिनिटं वर्गात गलका होतो. तो होऊ द्या, मुख्याध्यापक डोकावले तरी. मग तोच प्रश्न पुन्हा स्कॅन करा. ३० टक्क्यांपेक्षा कमी बरोबर असतील तर चर्चेत वेळ घालवू नका, भाग दुसऱ्या रीतीने पुन्हा शिकवा. ७० च्या वर असतील तर दोन वाक्यांत खुलासा करून पुढे चला. छत्तीसच्या वर्गात याचा अर्थ ११ ते २५ मुलं बरोबर असतील तर चर्चा.

कोणाचं चुकलं ते पडद्यावर दिसू देऊ नका. ॲपमध्ये क्रमांकानुसार उत्तरं दाखवता येतात, ती फक्त तुमच्या फोनवर बघायची. एकदा का चुकलेलं मूल सगळ्यांसमोर उघडं पडलं, की पुढच्या वेळी ते स्वतःचा विचार न करता हुशार मुलाकडे बघून कार्ड फिरवायचा प्रयत्न करतं, आणि मग तुम्हाला मिळणाऱ्या माहितीला काही किंमत राहत नाही. या उत्तरांना गुणही देऊ नका.

पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडे वीज आणि नेट दोन्ही जातात. तेव्हा कार्डं तशीच वर धरायला सांगा आणि बाकांमधून फिरत जाऊन अक्षरं स्वतः बघा. नोंद होत नाही, पण वर्गाचा अंदाज येतो. चर्चा तर नेटशिवायही होते.

दोन आठवड्यांनी सर्वांत मोठ्या संख्येचा तोच प्रश्न आकडे आणि पर्यायांची जागा बदलून परत विचारा: ०.२१६, ०.५, ०.०८, ०.५४. अजूनही ०.२१६ धरणारी चार-पाच मुलं निघतील. त्यांना ॲप नको, व्हिडिओ नको. आलेखाच्या कागदावर दहा बाय दहाचा चौरस आखून द्या, एकात ५४ घरं रंगवायला सांगा, दुसऱ्यात २१ घरं आणि बाविसाव्याचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग, आणि ते रंगवत असताना शेजारी बसा.