नॉर्थ अँड साउथ बघायचीये? मग अशी बघा

बीबीसीची 2004 ची नॉर्थ अँड साउथ ही सिरीयल, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांच्या गावातली लव्हस्टोरी, चारच एपिसोडची आहे, एका रविवारात उरकेल, पण तसं नका करू, दोन दिवस घ्या. (पुढे स्पॉयलर आहेत.) ती ज्या कादंबरीवर आहे ती आधी वाचायची गरज नाही, लेखिका एलिझाबेथ गॅस्केलची सुरुवात फार निवांत आहे, तिथेच सोडून द्याल.

पहिल्या दिवशी पहिले दोन एपिसोड. सबटायटल लावाच, कामगारांचे उच्चार डोक्यावरून जातात. नायिका मार्गारेट गिरणीचं दार उघडते, आत बर्फ पडावा तसा कापूस उडतोय, आणि मालक थॉर्नटन एका कामगाराला बेदम मारतोय. पुस्तकात हे नाहीच, तिथे दोघं हॉटेलात भेटतात, भाड्याच्या घराच्या भानगडीत. सँडी वेल्शने पटकथेत मुद्दाम घातलंय, का मारतोय ते नंतर कळतं, म्हणून लगेच त्याच्यावर फुली मारू नका. तो उडणारा कापूसही लक्षात ठेवा, गिरणीत काम करणाऱ्या बेसीचा खोकला तिथूनच आलाय. गिरणगावातल्या घरांत हे वेगळं सांगायला नको.

आणि लव्हस्टोरी बघायला बसलोय, कामगारांचा संप कशाला, असं म्हणून फॉरवर्ड करू नका प्लीज, कारण जमाव चालून येतो तेव्हा मार्गारेट थॉर्नटनच्या आड उभी राहते, दगड तिला लागतो, त्याला वाटतं प्रेम आहे, मागणी घालतो आणि सपशेल नकार खातो. सगळं गाडं तिथूनच फिरतं.

आता पुस्तक उघडा, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट आहे, फक्त दंगल ते नकार एवढी प्रकरणं वाचा. नकारानंतर हा एवढा करारी माणूस समोर येईल त्या घोडागाडीच्या बसमध्ये चढतो, गावाबाहेर जातो आणि तसाच परत येतो, काही कामच नसतं तिकडे! टीव्हीवर हे सगळं थॉर्नटन झालेल्या रिचर्ड आर्मिटेजच्या चेहऱ्यावर सोडलंय, आणि तो निभावतो.

दुसऱ्या दिवशी उरलेले दोन. तिसऱ्यात मोबाईल लांब ठेवा, रात्रीच्या स्टेशनवर मार्गारेटसोबत कोण आहे हे चुकलं तर पुढचा गैरसमज कळणार नाही.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण मात्र चौथा एपिसोड संपल्यावरच. सिरीयलमध्ये स्टेशनवर चारचौघांत किस आहे, त्या काळात कोण असं करणार, पण बघायला भारी वाटतं. पुस्तकात दोघं लंडनच्या घरातल्या खोलीत बसून, तिची मावशी आणि त्याची आई हे ऐकून काय म्हणतील यावर बोलतायत, मला तोच शेवट जास्त आवडतो.