पोरांना घेऊन तापास बारमध्ये: स्पेनला नव्याने आलेल्यांसाठी

माद्रिदला नवीन आलेल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: "मुलांना घेऊन बारमध्ये कसं जायचं?" विशेषतः भारतातून आजी-आजोबा आलेले असले की. बार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परमिट रूम येते, काळ्या काचा आणि मंद दिव्यांची. इथला तापास बार, म्हणजे पेयाबरोबर छोट्या बश्यांत खाणं देणारा बार, तसा नसतो. सकाळी तिथे शेजारच्या आजीबाई पाव-टोमॅटो आणि कॉफी घेतात, दुपारी कामावरची माणसं जेवतात, संध्याकाळी शाळा सुटल्यावर आया पोरांना घेऊन टेकतात. अठरा वर्षांखाली दारू मिळत नाही, पण बसायला कुणालाच मनाई नाही. वेटर तुमच्या मुलीला 'ग्वापा', म्हणजे सुंदर, म्हणेल, गालाला हात लावेल, न मागता तिच्यासमोर चार ऑलिव्ह ठेवेल. ते प्रेम असतं, दचकू नका.

अडचण आहे ती घड्याळाची. दुपारचं स्वयंपाकघर साधारण दीड ते चार चालतं आणि मग बंद होतं, ते रात्री आठ-साडेआठलाच उघडतं. मधल्या वेळात बार उघडा दिसतो, पण मिळतं ते काउंटरवर ठेवलेलं गार खाणं. आपली पोरं सात वाजता भुकेने रडायला लागतात आणि वेटर शांतपणे सांगतो, 'ला कोथिना एस्ता थेर्रादा', स्वयंपाकघर बंद आहे. स्पॅनिश घरांत यावर उपाय आहे मेरिएन्दाचा. पाच-सहाच्या सुमाराला मुलांना पोटभर काहीतरी देतात, बहुतेक वेळा पावात काहीतरी घालून, बागेत बसून. ही सवय लगेच उचला. मग रात्रीचं खाणं साडेआठला गेलं तरी चालतं.

पण माझं ऐकाल तर लहान मुलांबरोबर रात्री जाऊच नका, निदान सुरुवातीला तरी. शनिवार-रविवार दुपारी साडेबारा ते दोन ही खरी वेळ. जेवणाआधी काहीतरी प्यायचं आणि दोन घास तोंडात टाकायचे, याला इथे वेर्मुतची, म्हणजे एका मसालेदार वाइनची, वेळ म्हणतात, वेर्मुत प्या किंवा न प्या. गर्दी अजून जमलेली नसते, मुलं ताजीतवानी असतात. दोन वाजता टेबलं भरायला लागली की तुम्ही घरी निघता. रात्री दहा वाजता बाबागाडीत टक्क जागी असलेली स्पॅनिश बाळं दिसतील, त्यांच्याशी स्पर्धा नको. अपवाद फक्त आंदालुसियातल्या उन्हाळ्याचा. जुलैत सेविल किंवा कोर्दोबाला भर दुपारी बाहेर बसणं म्हणजे शिक्षाच, तिथे रात्री नऊनंतरच लोक घराबाहेर पडतात.

बार निवडताना आधी चौक बघा, मेनू नंतर. गाड्या नसलेला चौक, एका बाजूला घसरगुंडी, दुसऱ्या बाजूला टेबलं, एवढं मिळालं की अर्धं काम झालं. माद्रिदमध्ये चाम्बेरीतला प्लाथा दे ओलाविदे त्यासाठीच जणू बांधलाय, मध्ये खेळायची जागा आणि भोवती गोल टेबलं. मालासान्यातला दोस दे मायो, सेविलचा आलामेदा दे एर्कुलेस हेही तसेच. पोरं खेळतात, घास खायला टेबलाशी येतात, परत पळतात. त्यांना खुर्चीत तासभर बसवून ठेवायची अपेक्षा इथे कुणी करत नाही. बाहेरच्या टेबलांचा एकच त्रास, सिगारेट. आत धूम्रपानाला २०११ पासून बंदी आहे, त्यामुळे ओढणारे सगळे बाहेर येऊन बसतात. वाऱ्याची दिशा बघून टेबल घ्या. काही ठिकाणी बाहेर बसायचे थोडे जास्त पैसे लागतात, ते मेनूवर लिहिलेलं असतं.

आता खाण्याचं. 'आम्ही मांस खात नाही' एवढं सांगून भागत नाही, कारण हामोन, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, बऱ्याच लोकांच्या हिशेबात मांसात येतच नाही. टूना तर भाजीच्याच रांगेत बसतो. पूर्ण वाक्य पाठ करा: 'सोमोस वेखेतारियानोस, नो कोमेमोस नि कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन.' क्रोकेता म्हणजे पांढरं सारण भरून तळलेले गोळे. त्यांच्या आत बहुतेक वेळा हामोनचे बारीक तुकडे असतात, ते काढता येत नाहीत. पालकाचे किंवा मशरूमचे आहेत का, ते विचारा. एन्सालादिया रुसा दिसते बटाट्याच्या सॅलडसारखी, पण तिच्यात टूना असतो. कोर्दोबाचं साल्मोरेखो, म्हणजे टोमॅटोचं दाट गार सूप, मुलांना फार आवडतं. त्याच्यावर हामोन आणि अंडं पेरतात, पण 'सिन हामोन' म्हटलं की तसंच देतात. चण्याच्या किंवा मसुरीच्या वाटीत चोरीथोचा, म्हणजे डुकराच्या सॉसेजचा, तुकडा तळाशी लपलेला असू शकतो. सेविलचं एस्पिनाकास कोन गार्बान्थोस मात्र डोळे मिटून मागवा. पालक, चणे, लसूण, जिरं. घरापासून लांब असल्याचं मूल विसरून जाईल.

अंडं चालत असेल तर निम्मी चिंता मिटली. तोर्तिया दे पाताता, म्हणजे अंडं-बटाट्याची जाड वडी, सगळीकडे मिळते आणि सगळ्या पोरांना चालते. अंडंही नको असेल तर पान कोन तोमाते (पाव-टोमॅटो), पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या, मध घातलेली तळलेली वांगी, साधे तळलेले बटाटे मागवा. ब्रावास, म्हणजे तिखट सॉस घातलेले तळलेले बटाटे, यांच्यावरचं आयोली हे पांढरं लसणाचं सॉस बहुतेक ठिकाणी अंड्याचं असतं. ते वेगळ्या वाटीत मागा. तिखटाची मात्र चिंता नको. ब्रावास इथल्या लोकांना झणझणीत वाटतात, आपल्याकडचं पाच वर्षांचं पोरगं ते हसत खातं. पाद्रोनच्या मिरच्यांत एखादीच तिखट निघते, आणि ती कोणाच्या वाट्याला येते यावर टेबलावर छान खेळ रंगतो. घरात कडक शाकाहार असेल तर हेही लक्षात घ्या की छोट्या बारमध्ये वांगी आणि कालामारी (माकूळ) एकाच तेलात तळतात.

आपल्यातल्या बऱ्याच घरांत चिकन-मासे चालतात, पण डुक्कर आणि मोठ्याचं चालत नाही. त्यांनी आल्बोन्दिगास, म्हणजे खिम्याचे गोळे, टाळावेत, कारण त्यांत बहुधा दोन्ही एकत्र असतात. थेर्दो म्हणजे डुक्कर, तेर्नेरा आणि वाका म्हणजे गाय-वासरू, पोयो म्हणजे कोंबडी, हे चार शब्द मुलांनाही शिकवून ठेवा. मासे खाणाऱ्यांची तर चंगळच आहे. मालागा, कादिथकडचे बोकेरोनेस पिठात घोळवून तळलेले येतात, आपल्या मांदेलीच्याच घराण्यातले. बारीक काटा आहे, लहानग्यांना सोलून द्या. व्हिनेगरमधले बोकेरोनेस वेगळे. ते कच्चेच मुरवलेले असतात, पोरं तोंड वाकडं करतात.

क्रोकेता आली की पोरांच्या हाती लगेच देऊ नका. बाहेरून ती कोमट लागते, आतलं सारण मात्र उकळतं असतं. काट्याने मध्ये फोडा, वाफ जाऊ द्या, पांढरं सारण जरा घट्ट झालं की मग द्या.

माप समजून घ्या: तापा म्हणजे छोटी बशी, मेदिया राथिओन त्याहून मोठी, राथिओन म्हणजे चौघांत वाटून खायची थाळी. मुलांचा वेगळा मेनू शोधत बसू नका. असला तरी त्यात नगेट्स आणि बटाटेच असतात. ग्रानादाला, तसंच आल्मेरिया, खाएन आणि लेओनला, पेयाबरोबर तापा फुकट येतो. मुलांनी मोस्तो, म्हणजे द्राक्षाचा रस, घेतला तरी त्यांच्यापुढेही बशी येते. फुकटची बशी निवडता येईलच असं नाही, म्हणून शाकाहारी आहोत हे पेय सांगतानाच सांगा, बशी आल्यावर नाही. बास्क भागात काउंटरवर पिंचो, म्हणजे काडी टोचलेले छोटे घास, मांडलेले असतात आणि काही बारमध्ये बिल उरलेल्या काड्या मोजून होतं. पोरांनी काड्या तलवारी म्हणून खेळायला घेतल्या तर हिशेबाची पंचाईत.

पाण्यासाठी बाटली घ्यायची गरज नाही. २०२२ च्या कायद्यानुसार नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं. 'आगुआ देल ग्रिफो' म्हणा, संकोच करू नका. शेंगदाणे, अंडं, दूध अशी ॲलर्जी असेल तर 'आलेर्खिया' हा शब्द सुरुवातीलाच उच्चारा. युरोपीय नियमाने १४ ॲलर्जी-पदार्थांची माहिती देणं बारवर बंधनकारक आहे, बहुतेकांकडे तक्ता तयार असतो. बाळाच्या उंच खुर्चीला त्रोना म्हणतात. छोट्या बारमध्ये ती नसते, आणि लंगोट बदलायची जागा तर जवळपास कुठेच नसते. ते काम घरूनच आटोपून निघा.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. 'ला कुएन्ता, पोर फावोर' म्हटल्यावरही वेटर आरामात येतो, कारण ग्राहकाला उठवणं इथे उद्धटपणाचं समजतात. टिप सक्तीची नाही, सुटे नाणे-दोन नाणे ठेवले तरी पुरे. पोरं पेंगायला लागल्यावर बिल मागू नका, पहिली जांभई दिसली की लगेच मागा.