विकिरण केलेली मटकी टिकवायची कशी

आमच्या बचत गटाने मटकीची पहिली पोती विकिरण करून, म्हणजे कीड मारायला गॅमा किरण देऊन आणली आणि दीड महिन्यात तिला पुन्हा भुंगा लागला. विकिरणात खोट नव्हती. आम्हीच ती साध्या गोणपाटात भरून जुन्या, किडक्या चवळीशेजारी रचली होती. गॅमा किरण दाण्याच्या आतली अंडी-अळ्या निकामी करतात, पण दाण्यावर औषधासारखं काही मागे ठेवत नाहीत. बाहेरून नवा भुंगा आला की त्याला रान मोकळं. म्हणून आधी पिशवीचं बघा, मग विकिरणाचं.

काढणीनंतर कडधान्य ताडपत्रीवर कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे; नुसता दबला तर अजून ऊन द्या. ओलावा दहा टक्क्यांच्या आत हवा. मग मूठभर दाणे उजेडात धरून निरखा. दाण्याला बारीक पांढरा ठिपका चिकटलेला असतो, धुळीसारखा फुंकरीने उडत नाही. ते भुंग्याचं अंडं. ही कीड पुष्कळदा शेतातूनच, शेंगेवरून घरात येते. गोल भोक दिसलं तर आतला भुंगा बाहेर पडून गेलेला आहे. तो दाणा विकिरणाने भरून येत नाही, निवडून टाका.

चाळून, निवडून माल जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत भरा, तोंड मशीनने सील करा आणि तसाच पाठवा. किरण पिशवीतून आरपार जातात. कडधान्याला ०.२५ ते १ किलोग्रे (धान्यात शोषल्या जाणाऱ्या किरणांचं माप) डोस लागतो. लासलगावचा 'कृषक' हा विकिरण प्रकल्प २००२ साली सुरू झाला, त्यामुळे आमच्याकडे विकिरण म्हटलं की कांदाच आठवतो. पण कांद्याचे कोंब रोखायला याहून बराच कमी डोस पुरतो. माल देताना काय आहे ते नीट सांगा.

परत आलेल्या पिशवीत एखादा भुंगा चालताना दिसला तर घाबरू नका. या डोसला तो लगेच मरत नाही, पण त्याची प्रजा वाढत नाही.

बियाणं मात्र चुकूनही पाठवू नका. विकिरण केलेल्या दाण्याला मोड आले तरी आखूड राहतात, शेतात रोप धरत नाही. उसळीसाठी लांब मोड हवे असणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हे आधीच सांगते. कुणी विचारतं, 'धान्यात किरणं राहतात का?' नाही राहत. गॅमा किरण ज्यातून येतात त्या कोबाल्ट-६० च्या किरणांनी धान्य किरणोत्सारी होत नाही. प्रथिनं जवळजवळ तशीच राहतात, बी-१ जीवनसत्त्व थोडं घटू शकतं.

उष्ण, दमट खोलीत मात्र कीड नसलेलं कडधान्यही बिघडतं. गणंग वेगळा, तो रात्रभर भिजूनही खड्यासारखा राहतो. असे बिघडलेले दाणे भिजून फुगतात, पण कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी मऊ होत नाहीत, कारण साठवणीत त्यांच्या पेशींच्या भिंती कडक झालेल्या असतात. म्हणून पिशव्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. आम्ही दर महिन्याला प्रत्येक थप्पीतली मूठभर मटकी भिजवून शिजवतो. शिजायला वेळ लागू लागला की ती थप्पी आधी विकायला काढतो.