गडावर जाताना आभाळाच्या बाबतीत या चुका टाळा

मे महिन्यातल्या रविवारी सकाळी साडेनऊला वाईत निवांत मिसळ हाणणारी, पाठीला कोऱ्या करकरीत सॅक लावलेली पोरं दिसली की माझा जीव खाली-वर होतो. मिसळीबद्दल तक्रार नाही. पण हीच मंडळी दुपारी दोनला वैराटगडाच्या माथ्यावर असणार आणि वळवाचीही साधारण तीच वेळ.

पश्चिमेकडेच बघत बसणं. ही चूक मी स्वतः केली आहे. पावसाळ्यात ढग कोकणातून येतात, म्हणून आपली मान सवयीने तिकडेच वळते. वळीव मात्र बहुतेकदा पूर्वेकडून, माण-खटावच्या तापलेल्या रानावरून येतो. त्या दिवशी आम्ही व्याजवाडीतून निघालो तेव्हाच दहा वाजून गेले होते. माथ्यावर पोचल्यावर पांडवगडाच्या बाजूला आभाळ निळंशार. सोबतची दोन नवखी पोरं झेंड्याच्या खांबाला टेकून रील काढत होती आणि मी सावलीत लिंबू पिळत बसलो होतो. मागे वळून बघितलं तर फुलकोबीसारखा फुगलेला ढग, माथा पसरट, बूड काळंकुट्ट. वारा एकदम पडला आणि दोन मिनिटांत उलट दिशेने गार सुटला. वीज चमकली तशी मी मोजायला लागलो. गडगडाट पंधराव्या सेकंदाला आला, म्हणजे वीज पाच किलोमीटरवर (आवाजाला किलोमीटरभर यायला तीनेक सेकंद लागतात). पुढची नवालाच. तेवढ्यात तो लोखंडी खांब माश्या घोंगावल्यासारखा गुणगुणायला लागला, म्हणजे वीज तिथेच पडायच्या बेतात. पोरं हसत होती. मी ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

देवळात शिरू, असं एक जण म्हणत होता. माथ्यावरच्या उघड्या देवळाचा, एकट्या झाडाचा किंवा बुरुजाच्या आडोशाचा विजेपुढे काही उपयोग नाही. कड्याखाली उतरलो, झुडपांच्या उतारावर एकमेकांपासून लांब-लांब, पाय जुळवून उकिडवे बसलो. आडवं पडायचं नाही. गारांनी पाठ सोलून निघाली. एकाचा पाय मुरगळला, बाकी निभावलं.

तेव्हापासून एप्रिल-मे आणि परतीच्या पावसात माझा शिरस्ता एकच: पाचला बॅटरी लावून चढायला लागायचं, अकराला माथा सोडायचा, मग वर पोचलेलो असू वा नसू. दर अर्ध्या तासाने गोल फिरून चारही दिशा बघायच्या. वीज आणि गडगडाटात तीस सेकंदांहून कमी अंतर आलं की खाली सुटायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वर जायचं नाही.

मोबाईलमध्ये नुसतं ‘सातारा’ टाकणं. कुठला सातारा? २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा माणदेशात सहसा वर्षभरातही होत नाही. जिल्हा मात्र एकच. मी घाटमाथ्यासाठी महाबळेश्वर बघतो आणि वळवाच्या दिवसांत माणमधलं दहिवडीही. हवामान खात्याचा तीन तासांचा इशारा निघताना बघायचा, आदल्या रात्री बघितलेला धरायचा नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेसाठी चांगलं आहे, पण माथ्यावर रेंज गेली की तेही गप्प. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड इशारा असेल तर घरी कांदाभजी करावी.

‘इथे तर पाऊस नाही’ म्हणून ओढा ओलांडणं. पाऊस वरच्या अंगाला झालेला असतो. नितळ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, की अलीकडेच थांबा. घाई असेल तरीही.

जीन्स घालून पावसाळ्यात येऊ नका. ओली झाली की वाळत नाही आणि वाऱ्यात हुडहुडी भरते. छत्री गाडीतच ठेवा.

धुक्यात ‘पायवाट इकडेच होती’ म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. बसा, बिस्किटं खा, धुकं विरळ होतं.

आणि वासोट्याला निघाला असाल (तिथे कोयनेच्या जलाशयातून नावेने जातात) तर, बामणोलीचा नाववाला वारा बघून ‘आज नको’ म्हणाला की त्याला पाचशे रुपये जास्त देऊ करू नका.