शाळेचं भित्तिपत्रक न घाबरता कसं चालवावं

बहुतेक शाळांच्या भित्तिपत्रकावर सुविचार, जयंतीची चित्रं आणि स्नेहसंमेलनाचे फोटो असतात. मुलींच्या स्वच्छतागृहात महिनाभर पाणी नाही, ही बातमी तिथे कधी दिसत नाही. ती लिहू शकणारी मुलं प्रत्येक शाळेत आहेत. हा लेख त्यांच्यासाठी, आणि त्यांना साथ देणाऱ्या शिक्षक-पालकांसाठी.

१. आपला हक्क कुठपर्यंत पोचतो ते समजून घ्या

संविधानाचा अनुच्छेद १९(१)(क) प्रत्येक नागरिकाला अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतो. त्याला वयाची अट नाही. अनुच्छेद १९(२) मध्ये त्यावरच्या निर्बंधांची यादी आहे: अब्रुनुकसानी, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वगैरे. ‘शाळेचं नाव खराब होईल’ हे कारण त्या यादीत नाही.

केरळात १९८५ साली तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. राष्ट्रगीत सुरू असताना ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. बिजो इमॅन्युएल खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. शिक्षण खात्याच्या परिपत्रकाला कायद्याचं बळ नसेल, तर त्याच्या आधारे मूलभूत हक्क रोखता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

तरीही भिंत शाळेची आहे. तिच्यावर काय लागावं यात शाळा आपलं म्हणणं मांडणारच. खासगी विनाअनुदानित शाळेपुढे तर संविधानाचा दाखला थेट चालवणं आणखी अवघड. म्हणून सगळा भर पुढच्या पायरीवर द्या.

२. पहिल्या अंकाआधी नियम लिहून घ्या

भांडण झाल्यावर नियम ठरवायला बसलात तर नियम वरचढ माणूसच ठरवतो. त्यामुळे सगळं सुरळीत असतानाच एक पानाची नियमावली तयार करा. तिच्यात एवढं हवंच:

– संपादक मंडळ विद्यार्थ्यांचं असेल. मार्गदर्शक शिक्षक अंक आधी वाचतील आणि बदल सुचवतील. अंतिम शब्द मंडळाचा.
– मजकूर काढायचा असेल तर मुख्याध्यापक दोन दिवसांत लेखी कारण देतील.
– कारणं ठरलेलीच असतील: खोटी माहिती, बदनामी, शिवीगाळ, जात-धर्मावरून हिणवणं, कुणाची खासगी ओळख उघड होणं.
– लिहिणाऱ्या मुलाला किंवा मार्गदर्शक शिक्षकांना मजकुरासाठी शिक्षा होणार नाही.

खाली मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का घ्या. शाळा व्यवस्थापन समिती असेल तर तिच्या बैठकीत हे पान वाचून घ्या. इतिवृत्तात नोंद झाली की मुख्याध्यापक बदलले तरी नियम टिकतो. ‘अंतिम शब्द मंडळाचा’ यावर अडलं तर थोडं मागे या, पण लेखी कारणाचा मुद्दा सोडू नका. कारण कागदावर लिहावं लागलं की उगाच मजकूर काढण्याचा मोह आपोआप कमी होतो.

३. बातमी पक्की करा

‘शाळेत घाण आहे’ ही बातमी नव्हे. पाणी कोणत्या तारखेपासून नाही, टाकी रिकामी आहे की मोटर बंद, तक्रार कुणाकडे कधी केली, हे स्वतः जाऊन बघा, वहीत टिपा. शिक्षणहक्क कायद्याने मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं बंधनकारक केली आहेत, हेही लिहा. दुरुस्तीच्या खर्चाची माहिती हवी असेल तर जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. छापण्याआधी मुख्याध्यापकांना प्रश्न लेखी द्या आणि त्यांचं उत्तर जसंच्या तसं छापा.

अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या हेझलवूड ईस्ट शाळेत १९८३ साली मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राची दोन पानं काढून टाकली. एक लेख गरोदर विद्यार्थिनींवर होता, दुसरा आईवडिलांच्या घटस्फोटावर. नावं बदलली तरी मुली ओळखू येतील आणि वडिलांना त्यांचं म्हणणं विचारलेलं नाही, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं. १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. मला तो पटत नाही. लेख दुरुस्त करून घेता आले असते. पण ही दोन कारणं तुम्ही कुणाच्या हाती देऊ नका.

४. ही नावं कधीच छापू नका

अत्याचार झालेलं मूल, गुन्ह्यात अडकलेलं मूल, साक्षीदार मूल यांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. नाव टाळलं पण वर्ग आणि गाव लिहिलं, तरी ओळख पटतेच.

५. ‘हे काढा’ असं सांगितलं तर

आधी लेखी कारण मागा. चूक खरंच असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करा. नसेल तर व्यवस्थापन समितीकडे, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. माध्यमिक शाळा असेल तर जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

लिहिल्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं, सर्वांसमोर अपमान केला, तर बाब गंभीर आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार करता येते. तातडीची मदत हवी असेल तर १०९८ या बाल हेल्पलाइनला फोन करा.

६. मोबाइलवर टाकण्याआधी

२०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केलं. बदनामीचा कायदा मात्र तसाच आहे. त्यामुळे भिंतीवरच्या बातमीला लावलेली कसोटी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावरही लावा, आणि प्रत्येक अंकाचा तारीख दिसेल असा फोटो काढून दोन घरी जपून ठेवा.